समरीची छपाई म्हणजे सजावट नव्हे

‘मॉडेल नीट बसलं की काम संपलं. समरी कन्सोलवर दिसते तशी उचला, सगळे आकडे दोन दशांशांवर आणा, तारे ठेवा.’ संख्याशास्त्र आणि कोडिंग सोबत शिकणाऱ्यांना हा सल्ला सर्रास दिला जातो. (समरी म्हणजे सॉफ्टवेअर छापतं ते निकालांचं कोष्टक, आणि तारे म्हणजे त्यात ‘लक्षणीय’ ठरलेल्या आकड्यांपुढच्या खुणा.) मला तो घातक वाटतो, कारण वाचणाऱ्याच्या हाती मॉडेल येत नाही, छापलेलं कोष्टकच येतं.

आधी दोन दशांशांचं बघू. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या ‘एमटीकार्स’ या डेटात ३२ गाड्या आहेत. वजनावरून मायलेज सांगणारं साधं रेषीय मॉडेल बसवलं, तर वजनाचा सहगुणक (वजन एका एककाने वाढलं की मायलेज किती बदलतं तो आकडा) -५.३४४५ आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता, ०.५५९१ येते. यात वजन हजार पौंडांत मोजलेलं आहे. तेच वजन पौंडांत भरलं तरी मॉडेल बदलत नाही, टी-मूल्यही (सहगुणक भागिले प्रमाण त्रुटी) -९.५५९ च राहतं. सहगुणक मात्र -०.००५३४४ होतो आणि प्रमाण त्रुटी ०.०००५५९. आता दोन दशांशांचा नियम लावा: कोष्टकात उरतात -०.०१ आणि ०.००. परिणाम जवळजवळ दुप्पट दिसतो आणि अनिश्चितता नाहीशीच होते! समरी छापताना आर दशांशस्थळं सार्थ अंकांवरून (सुरुवातीची शून्यं सोडून उरणाऱ्या अंकांवरून) ठरवतो, ते याचसाठी. आपणही आधी वाचायला सोयीचं एकक निवडावं आणि प्रमाण त्रुटीचा आकार बघून मग दशांश ठरवावेत. (स्थळं ठरली की आकडा स्प्रिंटएफसारख्या फंक्शनने छापावा, नुसत्या राउंडने २.५० चं २.५ होतं आणि रकाना वेडावाकडा दिसतो.)

‘कन्सोलवर दिसतं तेच मॉडेलने काढलं’ हेही खरं नाही. याच मॉडेलच्या इंटरसेप्टपुढे (वजन शून्य धरल्यावर येणाऱ्या आकड्यापुढे) पी-मूल्य, म्हणजे खरी किंमत शून्य असती तर इतका टोकाचा आकडा येण्याची शक्यता, ‘२ × १०⁻¹⁶ पेक्षा कमी’ असं छापलं जातं. समरीच्या ऑब्जेक्टमधला (आरने निकाल साठवलेले असतात त्यातला) सहगुणकांचा मॅट्रिक्स उघडा, तिथे सुमारे ८.२४ × १०⁻¹⁹ आहे. ती मर्यादा छपाईची आहे, दुहेरी अचूकतेच्या मशीन एप्सिलॉनवरून (संगणकाच्या आकडेमोडीतल्या अचूकतेच्या सीमेवरून) घेतलेली. पायथन भाषेतलं स्टॅट्समॉडेल्स हे पॅकेज अशा जागी ०.००० छापतं. ते तसंच अहवालात गेलं की शक्यता शून्य असल्याचा दावा होतो, तिथे ‘०.००१ पेक्षा कमी’ असंच लिहायला हवं.

छापलेला मजकूर मोकळ्या जागांवर तोडून आकडे काढणारे याच ठिकाणी फसतात. ‘पेक्षा कमी’चं चिन्ह कधी आकड्याला चिकटून येतं, कधी सुटं, आणि रकाने सरकतात. आकडे ऑब्जेक्टमधूनच घ्यावेत. आरमध्ये ब्रूम पॅकेजचं टायडी फंक्शन त्यांची सरळ डेटाफ्रेम देतं. स्टॅट्समॉडेल्सच्या निकालात सहगुणक, पी-मूल्यं आणि विश्वासांतरं (खरी किंमत ज्या दोन आकड्यांदरम्यान असावी असा अंदाज असतो ती अंतरं) वेगवेगळी मिळतात.

राहिले तारे. ०.०४९ या पी-मूल्याला तारा मिळतो, ०.०५१ ला फक्त टिंब, आणि वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबते. पी-मूल्याने एखादी मर्यादा ओलांडली की नाही, एवढ्यावरच निष्कर्ष काढू नयेत, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आरमध्ये तारे एका ऑप्शनने बंद होतात. त्या जागी विश्वासांतर छापा. रेषीय मॉडेलच्या समरीत आर ते देत नाही, कॉन्फिंट हे फंक्शन वेगळं चालवावं लागतं. वरच्या मॉडेलसाठी ९५ टक्के अंतर -६.४९ ते -४.२० येतं: वजन हजार पौंडांनी जास्त असलेल्या गाडीचं मायलेज सरासरी गॅलनमागे ४.२ ते ६.५ मैलांनी कमी. तीन ताऱ्यांतून यातलं काहीच कळत नाही.