आईची सिरीयल, माझी सिरीयल

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात टीव्ही एकच. संध्याकाळी सात ते दहा तो आईचा. म्हणजे माझ्या रास्पबेरी पायला, तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डाला, पडदा मिळायचा तो दहानंतर, तेही रिपीट टेलिकास्ट नसेल तर. त्यात मी शहाणपणा करून बोर्डाचा आयपी पत्ता बदलताना एक आकडा चुकवला आणि बोर्ड नेटवर्कवरून गुल. रात्री दहापर्यंत थांबायचं नाही, तर आता वाट उरली सिरीयल कन्सोलची, म्हणजे लॅपटॉपवरून वायरीनं थेट बोर्डाशी बोलायची. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तीन वायरी. "अर्ध्या तासाचं काम," मी आईला म्हणालो.

आठ दिवस लागले.

या 'टीटीएल' वायरीसाठी गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत पायपीट केली. दुकानदारांचं एकच, "टीटीएल? इल्ला री (नाही हो). मोबाईलची ओटीजी देऊ काय?" शेवटी सीएच340 चिपचा यूएसबी अॅडॉप्टर मागवला, तर त्याच्या सहा पिना सुट्या. सोल्डरिंगचा डाग देणं मला येतं असा माझा समज होता. पहिला डाग असा दाणेदार आणि ओबडधोबड बसला की मिठाईच्या दुकानात कुंदा म्हणून खपला असता. तिसऱ्या डागाला शेजारच्या दोन पिना एकत्र नांदायला लागल्या. त्यांना वेगळं करण्यात एक संध्याकाळ गेली, बोटाचं टोक भाजलं ते वेगळंच.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावला, हे माझं या प्रकरणातलं एकमेव शहाणपण. अॅडॉप्टरच्या टीएक्स पिनेवर 5 व्होल्ट! पायच्या पिना 3.3 च्या वर सोसत नाहीत. अॅडॉप्टरवरची व्होल्ट ठरवणारी इवलीशी टोपी एक घर सरकवायची होती. ती चिमट्यातून उडाली आणि सोफ्याखालून आईनंच शोधून दिली. "एवढ्याशासाठी एवढं?"

मग पायच्या 6 नंबरच्या पिनेला अॅडॉप्टरचा ग्राउंड, 8 ला टीएक्स, 10 ला आरएक्स. चिटपाखरू नाही. वायर तपासायला अॅडॉप्टरचाच टीएक्स त्याच्याच आरएक्सला जोडला, तर टाईप केलेलं जसंच्या तसं परत आलं. तासभर मी माझ्याशीच बोलत होतो. बायको म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" तेव्हा उजेड पडला. टीएक्स म्हणजे तोंड, आरएक्स म्हणजे कान. मी तोंडाला तोंड लावून ठेवलं होतं. दोन वायरींची अदलाबदल केली, तरीही शांतता. पायचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपात घातलं, कॉन्फिगच्या फायलीत 'इनेबल युआर्ट', म्हणजे 'सिरीयल चालू कर', असं लिहिलं. (कार्ड हातात होतंच, तर तो चुकलेला आकडा तिथंच दुरुस्त करता आला असता, हे मित्रानं नंतर सांगितलं. त्या मित्राला मी चहा पाजलेला नाही.)

आता अक्षरं उमटली, पण ती ना मराठी, ना कानडी. सीमाभागात राहून दोन्ही पाट्या वाचतो मी, ही तिसरीच. लॅपटॉप 9600 च्या वेगानं ऐकत होता आणि बोर्ड 115200 नं बोलत होता. वेग जुळवला, ओळी धावल्या, लॉगिन आलं. आणि कीबोर्ड दाबला तर ढिम्म! वेग बदलताना मिनिकॉममध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या सिरीयलच्या प्रोग्रॅममध्ये, हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू झालं होतं. न जोडलेल्या वायरीकडून परवानगी यायची वाट बघत बसलं होतं बिचारं.

ते बंद केलं आणि आनंदानं बोर्ड तीनदा रीस्टार्ट केला. आई मागं येऊन उभी. काळ्या पडद्यावरून त्याच ओळी चौथ्यांदा वर सरकल्या.

"हीच काय रे तुझी सिरीयल?" आई म्हणाली. "हा भाग मघाशी झालाय की."