'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्तेसाहेब,

डोकं हलवून माऊस चालवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "हे विमानाचे गेम खेळणाऱ्यांचे चोचले. उजेड बदलला की वेबकॅम गंडतो, अर्ध्या तासात मान आखडते. लेखकमहाशयांनी इकडून तिकडून वाचून लिहिलंय, स्वतः वापरलेलं दिसत नाही."

एक चूक कबूल. दोन ठिकाणी 'डोळ्यांचा माग' असं पडलं होतं, तिथे 'डोक्याचा' हवं. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'इकडून तिकडून वाचून'? ही कुठली भाषा? आणि तीही टोपणनावाआडून!

पाचपाखाडीला आमच्या घरी या. मणक्याच्या दुखापतीनंतर अण्णांचे दोन्ही हात गेले, मान तेवढी शाबूत राहिली. बॉस्टन कॉलेजात तयार झालेला 'कॅमेरा माऊस' फुकट मिळतो, तो मी जुन्या लॅपटॉपवर टाकला. चेहऱ्यावरची एक जागा निवडायची, ती हलेल तसा बाण हलतो. बाण क्षणभर थोपवून धरला की क्लिक. आम्ही नाकाचा शेंडा निवडला, तर बाण सारखा घसरून कोपऱ्यात. दोनदा रीसायकल बिन उघडली. शेवटी आई म्हणाली, "बुक्का लावू का?" गोऱ्या कपाळावरचा तो काळा ठिपका कॅमेऱ्याने असा धरला की सोडेचना. अण्णांनी पहिलं काय उघडलं असेल? रणजीचा स्कोअर. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो. हे मी कुठे वाचलं असेल, सांगा बरं?

राहिले चोचले. लेखात ट्रॅकआयआर, म्हणजे गेमवाल्यांचा डोक्याची हालचाल टिपणारा कॅमेरा, आणि त्यासाठी टोपीला लावायच्या चमकत्या टिकल्या यांवर एकच परिच्छेद होता, आपण नेमका तेवढाच वाचलात. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायच्या पडद्यासाठी डोक्याची दिशा मोजणारा दांडा छताला टांगला, तो काय गेम खेळायला? अपाची हेलिकॉप्टरची तोफ वैमानिकाची मान वळेल तिकडे वळते, तेही चोचलेच म्हणायचे?

उजेडाचं म्हणाल तर दिवा लावावा. मानेचं म्हणाल, तर अण्णा वीस मिनिटांनी थांबायचे, मी मान शेकून द्यायचो, की पुन्हा बसायचे. त्यात एवढं काय आहे?

पुढच्या प्रतिक्रियेखाली खरं नाव असलं तर उत्तर देईन.