चौथ्या मजल्याला पाच गुण

परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी चप्पलचोर ठरलो. नुसता संशय असता तर भांडलो असतो. पण मला गणिताने चोर ठरवलं, आणि ते गणित मीच फळ्यावर मांडून दिलं होतं.

सगळा दोष 'नंबर्स' या अमेरिकन मालिकेचा. सीबीएस या वाहिनीवर 2005 ते 2010, सहा सीझन, 118 भाग. नावात इंग्रजी 'ई'च्या जागी 3 चा आकडा घातलाय, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. थोरला भाऊ डॉन एप्स लॉस एंजलिसला एफबीआयमध्ये, धाकटा चार्ली गणिताचा प्राध्यापक, वडील निवृत्त नगररचनाकार. शहरात काही भयंकर घडलं की डॉन फायली घेऊन घरी येतो, चार्ली गॅरेजमधल्या फळ्यावर खडू झिजवतो आणि पाऊण तासाच्या आत चोर बेड्यांत. समीकरणं मात्र थातूरमातूर नसायची. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक गॅरी लॉर्डन त्यासाठी सल्लागार होते.

पहिल्याच भागात चार्ली भावाला हिरवळीवरचा पाण्याचा फवारा दाखवतो. पुढचा थेंब कुठे पडेल हे कुणी सांगू शकणार नाही. पण पडलेले सगळे थेंब बघितले तर फवारा कुठे बसवलाय ते काढता येतं. गुन्हे म्हणजे थेंब, गुन्हेगाराचं घर म्हणजे फवारा. हे सूत्र खरं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे पोलिस अधिकारी किम रॉस्मो यांना ते 1991 साली जपानमध्ये बुलेट ट्रेनमधून जाताना सुचलं आणि त्यांनी ते कागदी रुमालावर उतरवून घेतलं. आपल्याकडे प्रवासात कागदी रुमाल मिळतो तो वडापावाखाली, आणि त्यावर तेलाशिवाय काही उमटत नाही.

सूत्रात दोनच कल्पना आहेत. माणूस आळशी असतो, म्हणून घरापासून जितकं लांब तितके गुन्हे कमी. आणि माणूस घाबरट असतो, म्हणून अगदी घराला खेटूनही तो हात मारत नाही, ओळखीचं कुणी बघेल. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनापासून प्रत्येक गुन्ह्याचं अंतर घ्यायचं. तेही कावळ्यासारखं सरळ नाही, रिक्षावाल्यासारखं गल्ल्या वळत. अंतर वाढलं की गुण कमी, फारच जवळ आलं तरी गुण कमी. बेरीज सगळ्यात जास्त जिथे, तिथून शोध सुरू करायचा. निदान पाच गुन्हे हवेत, नाहीतर उत्तर म्हणजे पोपटवाल्याचं कार्ड.

एवढं मला पाठ आहे. पाठ नसतं तर बरं झालं असतं.

मालिकेवर माझे आक्षेप आहेत, नाही असं नाही. चार्लीची विद्यार्थिनी भारतीय वंशाची, तिचं नाव काय, तर अमिता रामानुजन. म्हणजे भारतीय आणि गणित म्हटल्यावर लेखकांना जे एकच नाव आठवलं ते चिकटवून मोकळे झाले. उद्या मराठी मालिकेत इंग्रज शास्त्रज्ञ आला तर त्याचं आडनाव न्यूटन ठेवा, बघा कसं वाटतं. चार्लीचा मित्र लॅरी हा भौतिकशास्त्रज्ञ फक्त पांढरे पदार्थ खातो. तिकडे हा विक्षिप्तपणा. आपल्याकडे इडली, दहीभात, तांदळाची उकड, मोदक आणि ताकावर माणूस जन्म काढेल आणि लोक त्याला सात्त्विक म्हणतील. पण खरी खुपणारी गोष्ट वेगळी आहे. चार्लीला माहिती आयती मिळते. तारीख, वेळ, पत्ता, सगळं टाइप केलेलं. त्याचं उत्तर ऐकलं की डॉन "खात्री आहे?" एवढंच विचारतो आणि गाड्या सुटतात. एकही माणूस मध्येच उठून "हे सगळं ठीक आहे, पण पाण्याच्या टाकीचं काय झालं?" असं म्हणत नाही.

आमच्याकडे सहा जोड गेले. सात मजले, प्रत्येकी चार फ्लॅट, खाली पार्किंग. दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन, पाचव्यावर दोन, सहाव्यावर एक. तारखा कुणाला आठवत नव्हत्या. एका वहिनींना "अधिक महिन्यात कधीतरी" एवढंच आठवत होतं. मी सेक्रेटरींच्या मुलीचा व्हाइटबोर्ड मागवला, अंतर जिन्याने मोजलं, म्हणजे एक मजला बरोबर एक, आणि फवाऱ्याची गोष्ट सांगितली. ती फार आवडली. तिथेच थांबायला हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेच्या ऑडिटमधून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला.

"म्हणजे एकाला अंतराने भागायचं?"

"हो काका. आणि त्याच मजल्यावरची चोरी असेल तर अर्धाच गुण."

"का बरं?"

"चोर स्वतःच्या दाराशी चोरी करत नाही."

"वा!" काका म्हणाले. ते 'वा' मला तेव्हा कौतुकाचं वाटलं. "सांगा तुम्ही, मी टिक करतो. पहिला मजला?"

"दोन पूर्णांक सात."

"दुसरा?"

"तीन पूर्णांक बेचाळीस."

"तिसरा? माझाच आहे, लपवू नका."

"तीन पूर्णांक तेहतीस."

"चौथा?"

मी मांडलं. चार जोड एका मजल्याच्या अंतरावर, त्याचे चार. दोन जोड दोन मजल्यांच्या अंतरावर, त्याचे अर्धा आणि अर्धा. बेरीज पाच. वरचे मजले खालच्यांसारखेच आले. पाचाच्या जवळपासही कुणी नव्हतं.

"चौथ्यावर कोण राहतं हो?" काकांनी सगळ्या खोलीला विचारलं. जसं काही त्यांना माहीत नव्हतं.

चौथ्यावर दोन फ्लॅटना कुलूप आहे. तिसऱ्यात ब्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत, त्या वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. चौथ्यात मी.

"आणि तुमची चप्पल गेलेली नाही," काका म्हणाले.

मी सांगितलं की हे सूत्र एकाच ठिकाणाहून निघणाऱ्यालाच लागू पडतं. बाहेरून येऊन हात मारून जाणारा, कुरिअरवाला, कुणीही, त्यात सापडत नाही. शिवाय चार्लीचंही पहिल्या भागात आधी चुकतं. गुन्हेगाराची ठाणी दोन निघतात, एक घर आणि एक कामाची जागा.

"आता पळवाटा," काकांनी शेजारच्यांना हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग मी घोडचूक केली. सूत्र किती भारी आहे हे पटवायला लुईझियानातल्या लाफायेत गावची हकिकत सांगितली. तिथे वर्षानुवर्षं बलात्कार करून निसटणाऱ्याला पकडायला रॉस्मोंना बोलावलं, त्यांच्या नकाशाने शोधाचा भाग आवळत आणला, आणि शेवटी गुन्हेगार निघाला खुद्द पोलिस दलातला.

काका पाच सेकंद गप्प बसले. चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तपासात पुढे पुढे करणाराच निघाला."

लोक हसले. चेअरमनबाई हसल्या. ज्यांच्यासाठी मी दोन रात्री जिने मोजले, ते सगळे हसले. विषय तिथेच संपला आणि टाकीवर चर्चा सुरू झाली, पाऊण तास. सीसीटीव्हीचा ठराव निधीअभावी पुढे ढकलला. व्हाइटबोर्ड कुणी पुसला नाही. चौथ्या मजल्याच्या पाचाभोवती काकांनी लाल मार्करने केलेलं गोल तसंच नोटीस बोर्डाखाली उभं आहे, येता-जाता मुलं वाचतात.

मी नवी कोल्हापुरी आणली आणि तीन रात्री दाराबाहेर ठेवली. जाऊ दे एकदाची, निर्दोष तरी ठरू. गेली नाही. तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून गणित पुन्हा मांडलं. माझी चप्पल गेली असं धरलं तर चौथ्या मजल्याला साडेपाच, तिसऱ्याला चार पूर्णांक तेहतीस. म्हणजे तरीही मीच.

उठलो, दार उघडून जोड आत घेतला. जिन्यात काका उभे होते, रात्री अकराला, हातात कचऱ्याची पिशवी. ते तिसऱ्यावर राहतात, कचरा खाली जातो, आणि हे चौथ्यावर.

"आत घेतलीत? बरं केलंत," ते म्हणाले. "दिवस वाईट आहेत."