‘दोन वर्षं सांभाळा, मूल तुमचं’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत आमच्या सोलापुरातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मुलीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर आला, सासूबाईंच्या भजनी मंडळातही पोचला. मजकूर थोडक्यात असा: मूल नसलेल्या जोडप्यांसाठी आनंदाची बातमी, सरकारने फॉस्टर केअर सुरू केलंय. आता दत्तकाच्या रांगेत थांबायला नको. मूल घरी आणा, दोन वर्षं सांभाळा, मूल तुमचं. मुलाच्या मागे कुणी नसतं, त्यामुळे पुढे कटकट नाही. सरकार दरमहा पैसेही देणार. तयारी काहीच नको, आधार कार्ड आणि दोन फोटो पुरेत. स्वतःचं मूल असणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. आणि शेवटी नावनोंदणीसाठी एक मोबाइल नंबर.

मी आणि माझा नवरा प्रतिपालक व्हायच्या तयारीत आहोत, म्हणजे या फॉस्टर केअरमध्ये दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे. कागद दिलेत, घरभेटी झाल्यात, मूल अजून यायचं आहे. त्यामुळे ओळखीची माणसं हा मेसेज ‘तुमच्यासाठीच आहे की ओ’ म्हणून आम्हालाच पाठवतात. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नाही. पण हा मेसेज खरा मानून एखादं जोडपं एखाद्या मुलाकडे भलत्याच अपेक्षेने बघेल आणि त्याची किंमत ते मूल मोजेल. म्हणून एकेक गोष्ट घेते.

‘दोन वर्षं सांभाळा, मूल तुमचं’

दोन वर्षांचा उल्लेख खरा आहे, अर्थ मात्र पार उलटा लावलाय. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रतिपालक कुटुंबात दोन वर्षं राहिलेल्या मुलाला ते कुटुंब दत्तक मागू शकतं. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण मागू शकतं म्हणजे मिळतंच असं नाही. आधी ते मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालेलं असावं लागतं आणि पुढे दत्तकाची रीतसर प्रक्रिया होतेच. मुलाचे आईवडील हयात असतील, त्यांचा हक्क शाबूत असेल, तर दोन काय, दहा वर्षं सांभाळलं तरी ते मूल ‘तुमचं’ होत नाही.

रांग चुकवण्याची वाट तर कायद्यानेच बंद केली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४४ स्पष्ट सांगतं, की जे मूल बाल कल्याण समितीने (मूल कुणाकडे जाईल हे ठरवणाऱ्या मंडळाने) दत्तकयोग्य मानलंय, त्याला दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात द्यायचं नाही. ज्याला आईवडील कायमचे मिळू शकतात, त्याला तात्पुरत्या घरात अडकवू नये, एवढाच त्याचा हेतू. म्हणून तान्ह्या बाळाच्या आशेने कुणी इकडे वळत असेल, तर त्याने वळू नये. इथे येणारी मुलं साधारण सहा वर्षांच्या पुढची असतात. त्यांना आठवणी असतात, सवयी असतात, आपलं नाव आणि आपलं गाव माहीत असतं. दत्तक हवं असेल त्यांनी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडेच नोंदणी करावी. ती वाट लांबची आहे आणि थांबणाऱ्यांचं दुःख मी जवळून पाहिलंय. पण त्यावरचा उतारा म्हणून दुसऱ्याचं मूल वापरता येत नाही.

‘मुलाच्या मागे कुणी नसतं’

हा समज आपल्या जिल्ह्यात खोल रुजलेला आहे आणि त्याला इतिहासही आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ साली बालकाश्रम सुरू केला, तो टाकून दिलेल्या अर्भकांना वाचवण्यासाठी. तेव्हापासून आश्रमातलं मूल म्हणजे मागेपुढे कुणी नसलेलं मूल, हेच चित्र आपल्या डोक्यात बसलंय. आज बालगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील हयात असतात. कुणाचे वडील तुरुंगात असतात, कुणाच्या आईवर मनाच्या आजाराचे उपचार चालू असतात, कुणाच्या घरात दारूने मूल ठेवायची सोयच राहिलेली नसते.

अशा आईवडिलांना आपल्या मुलाला भेटायला येता येतं. भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तरच ती थांबते. आणि आईवडील पुन्हा सांभाळण्याजोगे झालेत असं समितीने ठरवलं, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. कायद्यात हे लिहिलेलंच आहे.

माझ्या सासूबाईंना सगळ्यात जड गेलं ते हेच. ‘आपण जीव लावायचा आणि मग आई येऊन घेऊन जाणार?’ असं त्यांनी घरभेटीला आलेल्या ताईंना सरळ विचारलं. ताईंनी समजूत काढली नाही. ‘हो आजी, जीव लावायचाच. आणि जाईल तेव्हा रडायचं. पण त्याच्यासमोर त्याच्या आईला नावं ठेवायची नाहीत, हे आत्ताच ठरवा,’ म्हणाल्या. सासूबाई त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना मला म्हणाल्या, ‘त्याची आई आली तर तिला पण जेवायला वाढायचं का गं?’ आमच्या घरातली सगळ्यात मोठी तयारी त्या प्रश्नात झाली, असं मला मनापासून वाटतं.

‘तयारी काहीच नको’

वैद्यकीय तपासण्या, पोलिस पडताळणी, उत्पन्नाचे दाखले, आम्हाला ओळखणाऱ्यांची साक्ष, हे सगळं लागतं. आधार आणि दोन फोटोंवर इथे कुणी मूल देत नाही. आणि देऊही नये. पण कागद सोपे. घर बघायला माणूस येतं, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते.

आम्हाला वाटलं होतं खोल्या मोजतील. ताईंनी आल्या आल्या मागच्या अंगणातल्या हौदाचं झाकण उचलून बघितलं. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी हौद, टाक्या, पिंपं भरलेली. ‘याला कडी का नाही?’ हा पहिला प्रश्न. मग गच्चीचा कठडा, मग औषधांचा डबा, मग गॅस. नंतर चहा घेताना अगदी सहज विचारलं, ‘मूल रात्री अंथरूण ओलं करेल. रोज करेल. पाणी चौथ्या दिवशी आहे. चादरी कोण धुणार आणि त्याला काय बोलणार?’

माझ्या नवऱ्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, घाईत बोलायची त्याला सवयच नाही. शेवटी म्हणाला, ‘मी धुईन. आणि काही बोलणार नाही.’ त्यानंतर घरात एक पिंप वाढलं, गादीवर घालायचं मेणकापड आलं, हौदाला कडी बसली.

संस्थेत राहिलेली मुलं कधीकधी भाकरी उशाखाली लपवतात, हे आम्हाला त्याच बैठकीत कळलं. त्यावर रागवायचं नाही, फडताळातला एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवायचा आणि तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. आमच्याकडे त्या डब्यात आता शेंगांचे लाडू आणि कडक भाकरीचे तुकडे असतात. सध्या मुलगीच संपवते, मी पुन्हा भरते.

गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर नेलं आणि पाळण्यातला फोटो स्टेटसला टाकला, हेही चालणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करण्याविरुद्ध कायद्यात कलम ७४ आहे. मुलाची गोष्ट त्याची त्याची आहे. शेजारी विचारतील, ‘कुणाचं ओ हे?’ तेव्हा काय सांगायचं, ते आम्ही तिघांनी बसून ठरवलं आहे: ‘आमच्याकडे राहायला आलाय.’ पुढचं कुणालाच सांगायचं नाही, मामालाही नाही.

‘सरकार दरमहा पैसे देणार’

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी एका मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती मुलाच्या जेवणाखाण्यासाठी, शाळेसाठी, औषधपाण्यासाठी. शाळेची व्हॅन, कपडे, दातांचा डॉक्टर आणि समुपदेशकाकडच्या फेऱ्या धरल्या तर त्यातून काय उरणार, हे मुलं वाढवणाऱ्या कुणालाही कळेल. कुटुंब स्वतःच्या कमाईवर उभं आहे ना, हे आधी बघतात ते याचसाठी. अनेक जण यात बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये मिसळतात. ती राज्याची वेगळी योजना आहे आणि तिचा मोठा आधार आज एकल पालकांच्या मुलांना आहे. आपल्या पूर्व भागात विड्या वळून घर चालवणाऱ्या एखाद्या विधवा आईला ते पैसे मिळाले, तर तिचं मूल बालगृहात जाण्याची वेळच येणार नाही. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर त्या योजनेचा पाठवा.

‘स्वतःचं मूल असेल तर पडू नका’

अशी अट कुठेच नाही. आम्हाला अकरा वर्षांची मुलगी आहे. घरभेटीत तिच्याशी आम्हाला बाहेर बसवून वेगळं बोलले. तिचे प्रश्न रोखठोक होते: माझी सायकल द्यावी लागेल का, तो मला ताई म्हणणार की नावाने, तो रडला तर तुम्ही माझा अभ्यास घ्यायचं बंद करणार का. सायकल तिचीच राहील, असं आम्ही तिला कबूल केलंय. कपाटातला खालचा कप्पा तिने आपणहून रिकामा केला आणि वरचा देणार नाही म्हणून सांगितलं. आम्ही तो मागितलाही नाही. घरातल्या मुलाचं मन नसेल तर थांबावं, हे खरं. ते त्या त्या घराने मुलाशी बोलून ठरवायचं आहे, मेसेजने नाही. आणि एकट्या बाईला किंवा पुरुषालाही २०२४ पासून प्रतिपालक होता येतं, त्याचा तर मेसेजमध्ये पत्ताच नाही.

आणि तो मोबाइल नंबर

मला सगळ्यात भीती वाटते ती याची. प्रतिपालकत्वात मध्यस्थाला जागाच नाही. मूल कुणाकडे जाईल हे ठरवण्याचा अधिकार बाल कल्याण समितीचा, म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या मंडळाचा. मूल घरी आल्यावरही समितीने दर महिन्याला पाहणी करायची, असं कायदा सांगतो. कुणी पैसे घेऊन मूल ‘मिळवून देतो’ म्हणत असेल, तर ती मुलाची खरेदी-विक्री झाली. कलम ८१ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. प्रक्रिया डावलून अनाथ किंवा टाकलेलं मूल परस्पर दत्तक घेतलं, तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या ग्रुपवर तो मेसेज असेल तर आधी नंबर काढून टाका. ज्यांना खरंच यायचं आहे, त्यांनी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे बसतो ते विचारावं. आणि कुणी मूल विकायला निघालंय असा नुसता संशय आला, तरी १०९८ ला फोन लावा. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.