वेगळी दावण

बाजारातून नवी म्हैस आणली की ती थेट इतर जनावरांच्या दावणीला बांधायची नाही, हा कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या आमच्या घरचा नियम होता. वडगावच्या बाजारातून आलेली म्हैस पहिले तीन आठवडे परड्यातल्या छपरात एकटी राही, तिची पाण्याची बादली वेगळी असे, तिची धार सगळ्यात शेवटी काढली जाई आणि त्यानंतर वडील पोटॅशच्या पाण्याने हातपाय धुऊनच पुढच्या कामाला लागत. शेजारच्या तात्यांना हा सगळा शिष्टपणा वाटे. एका पावसाळ्यात त्यांच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत रोगाची साथ शिरली. लाळेच्या तारा गळत असलेल्या, एक पाय उचलून धरलेल्या त्यांच्या चार म्हशी मी आमच्या कुडाच्या फटीतून पाहिल्या, त्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयात पंधरा-सोळा चितळ दगावले आणि कारण निघाले तेच, लाळ्या-खुरकूत. त्यानंतर चारच महिन्यांनी, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर असलेल्या बेळगावजवळच्या प्राणिसंग्रहालयात तीसेक काळवीट काही दिवसांत मेले आणि तिथे नाव पुढे आले घटसर्पाचे, म्हणजे गुरांचा घसा सुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे. आपल्या जिल्ह्यात डेअरीला दूध घालणाऱ्या कोणत्याही बाईला ही दोन्ही नावे सांगावी लागत नाहीत. या दोन ठिकाणी नेमके कोण चुकले हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि इथे बसून तसे ठरवणे योग्यही नाही. चितळाला म्हशीसारखे खुंट्याला बांधून लस टोचता येत नाही. पकडताना बसलेल्या धसक्यानेच हरिण दगावू शकते. म्हणूनच तिथे सगळी भिस्त रोग आत येऊ न देण्यावर असते. चारा कुठल्या गावातून येतो, तो आणणाऱ्या गाडीची चाके जंतुनाशकाच्या पाण्यातून जातात का, चारा टाकणाऱ्या माणसाच्या घरी स्वतःची जनावरे आहेत का, असतील तर कामावर आल्यावर त्याला बदलायला वेगळे बूट आणि कपडे मिळतात का, बाहेरून आलेला प्राणी कळपात सोडण्याआधी किती दिवस वेगळा ठेवला जातो, असल्या बारीकसारीक गोष्टींवर शेकडो प्राण्यांचा जीव अवलंबून असतो. यातली एकही गोष्ट तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला दिसत नाही.

नियम नाहीत अशातला भाग नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी त्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण आले, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि २००९ च्या नियमांत आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंदी, मेलेल्या प्रत्येक प्राण्याचे शवविच्छेदन आणि त्याची नोंद, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. प्राण्याला डिवचणे किंवा खायला घालणे हाही कायद्याने गुन्हाच आहे, जरी सुट्टीच्या दिवशी कुरकुऱ्यांची पाकिटे जाळीवरून आत जाताना मी पाहिली आहेत. अडते ते आपण काय विचारतो इथे. वाघ किती आहेत, पांढरा वाघ आहे का, सिंह केव्हा येणार, एवढेच आपण विचारतो आणि मग प्रशासनही प्रवेशद्वार, कारंजे आणि नवीन प्राण्याचे उद्घाटन यांवरच पैसा घालते. रात्री पिंजऱ्याजवळ असणारा माणूस मात्र वर्षानुवर्षे कंत्राटावरच नेमला जातो. प्राणी आजारी पडल्याचे सर्वांत आधी त्यालाच कळते, कारण काल संपलेले खाद्य आज उरले आहे हे त्याच्याच ध्यानात येते, आणि त्यालाच सारखे बदलत राहणे हा मला तरी शुद्ध अविचार वाटतो.

काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिथला बिबट्या जाळीच्या कडेने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत होता आणि प्रत्येक वेळी वळताना त्याच जागी मान त्याच बाजूला झटकत होता. त्याच्या वाटेवरचे गवत उडून जमीन सिमेंटसारखी गुळगुळीत झाली होती. माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, बघा, तो फिरायला निघालाय.’ तो फिरायला निघाला नव्हता. करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे आलेले ते वेड होते. चढायला ओंडका, लपायला झुडूप, मांस शोधून काढावे लागेल अशी मांडणी, यांना फार खर्च येत नाही.

नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीला जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेले, तेव्हा आपला जिल्हा रस्त्यावर उतरला आणि त्या माणसांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नव्हते. पण न्यायालयासमोरचा मुद्दा तिच्या पायांचा, नखांचा आणि एकटेपणाचा होता, तो आपल्या घोषणांत फारसा ऐकू आला नाही. हेच प्रश्न जामनगरलाही तितक्याच कडकपणे विचारले पाहिजेत, पण विचारायचे ते पायांविषयीच. (हे लिहिल्यावर काही मित्र रागावतील, याची मला कल्पना आहे.)

संवर्धन हा शब्द तर हल्ली प्रत्येक फलकावर असतो. चितळांची संख्या वाढणे म्हणजे संवर्धन नव्हे. ते आपोआप वाढतात आणि मग जागा कमी पडते. हरियाणातल्या पिंजोरला २००१ पासून गिधाडांवर काम चालू आहे, गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर जनावरांच्या उपचारांसाठी २००६ मध्ये बंदी आली आणि तिथे वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. मधली बावीस-तेवीस वर्षे तिथले काम कारंज्यांसाठी आणि फितींसाठी चालले नव्हते.

कोल्हापूरलाही एक मोठे प्राणिसंग्रहालय हवे, असे म्हणणारे लोक मला अधूनमधून भेटतात. माझा सरसकट विरोध नाही. राधानगरीचे गवे आणि उसातले बिबटे आपल्या दाराशी येतात, जखमीही होतात, आणि त्यांच्यासाठी चांगली जागा असायलाच हवी. फक्त आराखडा दाखवायला आणाल तेव्हा प्रवेशद्वाराचे चित्र खाली ठेवा आणि विलगीकरणाचे छप्पर कुठे आहे, ते कळपापासून किती लांब आहे, आणि त्याचे सांडपाणी कुठल्या बाजूला उतरते, एवढे आधी दाखवा.