मुका मार

शनिवारी आइस हॉकीची मॅच संपवून पोरगा गाडीत बसला आणि म्हणाला, "आई, रेडिओ बंद कर ना." एरवी हाच मोठा करतो. मग म्हणाला, उजेड डोळ्यांत जातोय. बाहेर ढग होते.

दुसऱ्या पीरियडमध्ये त्याला बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, जोरात चेक बसला होता, म्हणजे समोरच्याने अंगाने धडक दिली होती. थोडा वेळ बेंचवर बसला, कोचने विचारलं, "ठीक आहेस ना?" हा म्हणाला "हो", आणि परत बर्फावर. मी स्टँडमधून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीयेत.

डॉक्टर म्हणाले कन्कशन. सांगलीहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "टेंगूळ आलंय का?" नाही म्हटलं. "रक्त?" नाही. "बेशुद्ध पडला?" नाही. "मग झालंय काय?" काय सांगणार? शेवटी म्हटलं, मेंदूला मुका मार लागलाय. लगेच समजलं त्यांना. हेल्मेट कवटी वाचवतं हो, पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो त्याला ते तरी काय करणार!

इथे कॅनडात पोरांना हॉकीपटू बॉबी बॉनची गोष्ट सांगतात. १९६४ मध्ये स्टॅनली कप या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या कपच्या फायनलमध्ये पायाचं हाड मोडलेलं असताना त्याने ओव्हरटाइममध्ये गोल मारला. असेल शूर. पण पाय मोडला तर निदान डोकं सांगतं की पाय मोडलाय. डोक्यालाच लागलं तर "ठीक आहेस ना?" हा प्रश्न आपण विचारतो कुणाला? त्याच डोक्याला! सिडनी क्रॉस्बीसारखा हॉकीतला मोठा खेळाडू २०११ मध्ये १ जानेवारीला डोक्यावर मार बसल्यावर ५ तारखेला पुन्हा खेळला, पुन्हा आपटला, आणि दहा महिन्यांहून जास्त बाहेर बसला. माझा तर चौदा वर्षांचा आहे, त्यात टीममधली जागा जाईल ही धास्ती.

ओटावाची रोवन स्ट्रिंगर सतरा वर्षांची होती, रग्बी खेळायची. २०१३ मध्ये काही दिवसांतच डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. तिने मैत्रिणींना मेसेज केले, फोनवर कन्कशनबद्दल शोधलंही. घरी बोलली नाही. खेळत राहिली आणि गेली. तिच्या नावाने आमच्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ मध्ये कायदा झाला. म्हणून दरवर्षी नाव नोंदवताना कन्कशनची माहिती वाचल्याचं आम्हा पालकांना कबूल करावं लागतं. मी यंदा न वाचताच टिक केलं होतं. लाज वाटते लिहायला, पण केलं होतं.

तेरा वर्षांखालच्यांचं बॉडीचेकिंग हॉकी कॅनडाने २०१३ मध्येच बंद केलं, तेव्हा "पोरं नाजूक होतील" म्हणणारे होतेच. परवा पार्किंगमध्ये एका बाबांनी ऐकवलं, "आमचा तर दुसऱ्या दिवशी खेळला होता." मी नुसतं हसले. भांडायला हवं होतं.

आता पायरी-पायरीने परत जायचं. आधी चालणं, हलका व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग धक्काबुक्की नसलेला सराव. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेकिंग नाही. रविवारी प्लेऑफची मॅच आहे, टीमच्या ग्रुपवर "कधी येतोस?" सुरू आहे. पोरगा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.

चिडू दे.