‘ताई, बारावीचं फिजिक्स उघडा’: टॉप टेदरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

चाइल्ड सीटचा वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, सीटच्या मागून नेऊन गाडीला घट्ट बांधावा असं मी लिहिलं होतं, त्याखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा तुमच्याच शब्दांत देते: “ताई, बारावीचं फिजिक्स एकदा उघडून बघा. वरून पट्टा आवळला की सीटला हलायला जागाच उरत नाही, मग सगळा झटका पोराच्या मानेवर. कॅच घेताना आपण हात मागे घेतो की नाही? तसंच सीटला थोडं पुढे झुकू द्यायचं.” पुढे तीन हसरे चेहरे. मग सीटच्या किमती, अमेरिकेचे नियम, वजनाची मर्यादा, जुन्या गाड्या आणि शेवटी आपण सगळे आईच्या मांडीवर बसूनच वाढलो, हेही.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण इंजिन ऑइलवर लिहिणारे माझे एक मित्र आहेत. त्यांच्या लेखाखाली लोक कडाकडा भांडतात, तरी त्यांना बारावीचं पुस्तक उघडायला सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते माझ्याच वाट्याला का येतं, याचा विचार तुम्ही सवडीने करा. चाकणला सीटबेल्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. रुळांवरून सुटणारी स्लेड, म्हणजे धडकेची नक्कल करणारा गाडा, तिच्यावर बांधलेली सीट, सीटमध्ये माणसाच्या जागी पुतळा, म्हणजे डमी, आणि नंतर एकेक चित्र थांबवून पाहायचं चित्रीकरण, हे माझं रोजचं काम होतं. फिजिक्स तिथे रोजच उघडावं लागायचं.

आता तुमचा कॅच. उदाहरण चांगलं आहे, फक्त तुम्ही ते अर्धंच पाहिलंत. क्षेत्ररक्षक हात मागे घेतो तो चेंडू हाताला लागल्यावर. चेंडू यायच्या आधीच हात मागे नेऊन ठेवला तर काय होतं, ते कुठल्याही गल्लीतल्या पोराला विचारा. सैल टेदर म्हणजे आधीच मागे नेलेला हात. तो सुरुवातीला काहीच धरत नाही, आणि धरतो तेव्हा वेळ संपत आलेली असते.

हिशोब करू, बारावीचाच आहे. ताशी 48 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 13.3 मीटर. 12 किलोचं मूल आणि 8 किलोची सीट, मिळून 20 किलो. गाडीचं नाक चेपत चेपत ती थांबायला ढोबळमानाने एक दशांश सेकंद धरा. तेवढ्यात हे 20 किलो थांबवायला सरासरी 2,660 न्यूटन लागतात, म्हणजे पावणेतीन क्विंटल वजनाच्या जवळपास ओढ. सरासरी म्हणतेय, शिखर त्याच्या बरंच वर जातं. आता या दशांश सेकंदातला पहिला तीन शतांश भाग पट्ट्याचा झोल निघण्यात गेला असं समजा. त्या वेळात गाडी मंदावते, मूल मात्र जवळपास 48 च्याच वेगाने पुढे चाललेलं असतं. उरलेल्या सात शतांशात त्याला गाडीबरोबर थांबवायचं तर तीच सरासरी पावणेचार क्विंटलच्या पुढे जाते. गाडीचं नाक चेपतं तेव्हा त्याचा फायदा पहिल्या क्षणापासून मुलाला मिळावा म्हणून त्याला गाडीशी घट्ट बांधायचं असतं. झटका शोषायचं जे काम तुम्ही सीटच्या झुकण्याला देताय, ते बॉनेटखाली होतं.

आणि “थोडं पुढे झुकू द्यायचं” हे जे तुम्ही सहज लिहिलंत, त्याबद्दल. आयसोफिक्सचे, म्हणजे सीटबेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या सोयीचे, दोन खालचे हुक कुठे असतात? बैठक आणि पाठ मिळते त्या फटीत. मुलाचं बहुतेक वजन त्यांच्या वर, आणि डोकं तर सगळ्यात वर. खालून धरलेली आणि वरून मोकळी सीट धडकेत सरळ पुढे सरकत नाही, खालच्या हुकांभोवती फिरते. गाडीची गादी पुढच्या कडेला दबते, सीट नाक खाली घालते आणि मुलाचं डोकं कमानीत पुढे आणि खाली जातं. वरचा पट्टा या फिरण्याच्या विरोधात ओढतो. तो डोक्याच्या पातळीजवळून मागे जातो, म्हणून कमी बळात जास्त काम करतो. तरफ, अकरावीतली.

सोबत एक आकडा. अमेरिकेच्या 213 क्रमांकाच्या मानकात याच ताशी 48 किलोमीटरच्या चाचणीत डमीचं डोकं ठरावीक बिंदूपासून 813 मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये, आणि टेदर लावलेली असेल तर मर्यादा 720. फरक 93 मिलिमीटर. आपल्या हॅचबॅकमध्ये पुढच्या सीटवर उंच माणूस सीट मागे ढकलून बसला की तेवढी जागा म्हणजे डोकं आपटणं आणि न आपटणं यांतला फरक असू शकतो. चाचणीआधी डमीच्या कपाळाला रंग फासतात. एकदा गाडीच्या सांगाड्यासकट केलेल्या चाचणीत, टेदर न लावता, पुढच्या सीटच्या पाठीवर उमटलेला निळा ठसा मी हातात कापड घेऊन स्वतः पुसला आहे. पट्टा लावून तीच चाचणी केली तेव्हा पुसायला काही नव्हतं. तुम्ही काय पुसलंय?

मानेबद्दल. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाची छाती हार्नेस, म्हणजे चाइल्ड सीटचे अंगावरचे पट्टे, धरतो, डोकं मोकळं राहतं, त्यामुळे मानेवर ताण येतोच, टेदर असो वा नसो. तेवढ्यासाठीच मूल जमेल तितका काळ मागे तोंड करून बसवावं म्हणतात. पण वरचा पट्टा काढून हा ताण कमी होत नाही. छाती उशिरा आणि जोरात थांबली की डोकंही उशिरा आणि जोरात खेचलं जातं. सैल पट्टा मानेला वाचवतो हा तुमचा सिद्धांत मला स्लेडवर कधीच भेटला नाही.

आता न्याय म्हणून एक गोष्ट तुमच्या पदरात घालते. काही कंपन्या टेदरच्या पट्ट्याची एक घडी घालून ती मुद्दाम टाक्यांनी शिवतात. ठरावीक ओढीला ते टाके उसवत जातात आणि पट्टा बळ धरून ठेवत थोडा थोडा लांबतो. मूळ लेखात मी याचा उल्लेख केला नव्हता, आणि “थोडं सोडावं” या तुमच्या म्हणण्यात एवढा अंश खरा आहे. चाचणीनंतर अशी घडी हातात घेतली तर उसवलेल्या टाक्यांचे दोरे कापसासारखे पिंजलेले दिसतात. पट्टा बकलमधून जिथे घासून गेला तिथे कापड चकाकतं आणि नखाला कडक लागतं. ही सगळी शोषलेली ऊर्जा. पण टाके उसवायला आधी पट्टा ताणलेला लागतो हो! सैल पट्ट्याचे टाके हातपाय पसरून बसून राहतात.

उरलेलं थोडक्यात. अमेरिकेचं इथे कशाला? बरं, मग ऑस्ट्रेलियाचं घ्या, तिथे 1970 च्या दशकापासून वरचा पट्टा सक्तीचा आहे. आणि आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमाखाली 14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर 1,000 रुपये दंड आहे. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्यांना धडक-चाचणीवरून तारे देणाऱ्या आपल्या योजनेच्या, समोरच्या धडकेचा वेग ताशी 64 आहे, म्हणजे 48 च्या पावणेदोनपट ऊर्जा. मांडीवर बसूनच वाढलो, याला उत्तर देत नाही, कारण जे वाढले नाहीत ते प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. किमतींबद्दल मी काय करू, मी सीट विकत नाही.

आयसोफिक्स नसलेल्या जुन्या गाडीत सीटबेल्टने सीट बांधली तरी टेदरसाठी गाडीत जागा असेल आणि सीटला पट्टा असेल, तर तो लावावा. मूल जड झालं की खालचे हुक सोडून सीट सीटबेल्टने कधी बांधायची, हे सीटच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका वाचा. वजनाच्या मर्यादेचा हा तुमचा प्रश्न मुद्द्याचा आहे हे मला माहीत आहे, पण तीन हसऱ्या चेहऱ्यांखाली विचारलेल्या प्रश्नाला आज एवढंच.

आमच्या पार्किंगमध्ये मी जे पाहते ते मात्र सांगते. एकाने टेदरचा हुक हेडरेस्टच्या दांडीला अडकवला होता. दुसऱ्याने डिकीत सामान बांधायच्या कडीला. दोघांनाही आपण पट्टा लावलाय याचं समाधान होतं. खरी जागा काही गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीवर असते, काहींत डिकीच्या चटईखाली, शेजारी जहाजाच्या नांगराचं चिन्ह असतं. पट्टा तिकडे न्यायचा तर हॅचबॅकमध्ये मागचा ट्रे काढून ठेवावा लागतो, आणि लोक नेमके तिथेच माघार घेतात, कारण ट्रेवर छत्री आणि टिश्यूचा डबा असतो.

गाडी कुठली आहे ते कळवलंत तर तुमच्या गाडीत ही जागा कुठे आहे ते शोधून सांगेन. ट्रे तुम्हीच काढा.